उजवीकडचा रकाना

हिंजवडी, फेज दोन. सव्वानऊ.
आम्ही सातजण काचेसमोर उभे राहतो.
उभंच राहायचं, बसलं की बोलणं लांबतं,
असं ज्यानं शोधून काढलं
त्याला आमच्या सोसायटीच्या सभेला आणलं पाहिजे.
तिथे सगळे उभेच असतात, आणि रात्रीचे साडेअकरा वाजतात.

काल काय केलं. आज काय करणार. अडलंय कुठे.
तन्वीर म्हणतो, अडलेलं नाही काही.
तो नऊ दिवस अडलेला आहे.
मला ठाऊक, काचेलाही.

देशमानेंच्या उमेदीत असं नव्हतं म्हणे.
आधी सगळं लिहायचं, दोनशे चाळीस पानं,
मग सही, मग आराखडा, मग पुन्हा सही,
एक पायरी उतरली की मागे वळायचं नाही,
धबधबा वर चढतो का कधी?
दीड वर्षानं खाली गिऱ्हाईक उभं असायचं, ओलंचिंब,
आणि म्हणायचं, मला विहीर हवी होती.
हे सांगताना देशमाने हसत नाहीत.
ती पानं अजून त्यांच्या खणात आहेत.
म्हणतात, तुमचं काय ठरलं होतं दिवाळीआधी,
त्याचं एक पान दाखव मला. एकच.
मी स्प्रिंट मोजत बसले. पान नव्हतं.

बाबा भोसरीला होते, गिअरच्या कारखान्यात, एकतीस वर्षं.
काचेचा फोटो पाहून म्हणाले,
अगं, हे तर आमचं कार्ड!
डबा रिकामा झाला की कार्ड मागे जायचं,
कार्ड आलं की माल करायचा,
नाही आलं तर हात बांधून उभं राहायचं.
"तेच अवघड. मोकळा माणूस
सुपरवायझरला बघवत नाही."

आई गेल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्याकडे आहे.
तूरडाळीचे दोन डबे, एकामागे एक.
पुढचा संपला की झाकणातली पिवळी चिठ्ठी
ओसवालांच्या दुकानात जाते.
चार वर्षांत डाळ एकदाही संपलेली नाही.
आईच्या वेळी संपायची.
ती वाटी घेऊन शेजारी जायची
आणि तासाभरानं परतायची, डाळ विसरून.

तो तास कुठल्या रकान्यात धरायचा
ते मी बाबांना विचारलं नाही.

मग तो सोमवार.
शनिवार-रविवार एसी बंद, काच घामेजली,
चिठ्ठ्यांचा डिंक सुटला.
सत्तावीस चिठ्ठ्या फरशीवर.
कौसल्याबाई लोंढे झाडायला आल्या साडेसहाला.
दुसरं कुणी सुपलीत भरल्या असत्या.
त्यांनी एकेक उचलली, पुसली, आणि परत लावली,
रंगवार, ओळीत, चिकटपट्टीनं,
उजवीकडच्या रकान्यात.
तिथेच जागा होती.

सव्वानऊला आमचं सगळं काम झालेलं होतं.

श्रीरंगकडे प्रमाणपत्र आहे, दोन दिवसांच्या कोर्सचं,
त्यात हे नव्हतं.
कुणाकडे जुना फोटो असेल, म्हणाला.
माझ्याकडे होता, पण तो मागच्या महिन्याचा.
आणि खरं सांगायचं तर
त्यातल्या निम्म्या चिठ्ठ्या तिथेच होत्या, जिथे रविवारपर्यंत होत्या.

मग आम्ही खुर्च्या ओढल्या. बसलो.
एकेक चिठ्ठी हातोहात फिरली:
हे कुणाचं? हे कुठवर आलंय? हे हवंय कुणाला?
सहा चिठ्ठ्या कुणाच्याच निघाल्या नाहीत.
तन्वीरनं आपली स्वतः काढली, निळी,
उलटी करून टेबलावर ठेवली.
"मला हे येत नाही," म्हणाला.
कुणी काही बोललं नाही; देशमान्यांनी खुर्ची
त्याच्याजवळ सरकवली, इतकंच.
अकरा वाजून गेले होते.

दारात कौसल्याबाई, हातात बादली.
चुकलं का हो काही माझं?
नाही, नाही, आम्ही म्हणालो, सगळे एकदम.
त्या काचेकडे बघत राहिल्या जरा वेळ.
"नाही, मला वाटलं,
इतके दिवस लावून ठेवलंय,
झालं असेल."